नियम नऊ आणि पत्र्याचा डबा

मी, त्र्यंबक गोविंद केळशीकर, वय सदुसष्ट, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार वॉलेटन, नॉर्थ कॅरोलिना, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा घेऊन हे लिहून ठेवतो. इंग्रजी प्रत वकिलाकडे आहे. तीत गंमत नाही.

१. घर व बँकेतली शिल्लक मुलगी सुनेत्रा हिला. या पत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. लिंबाच्या लोणच्याची मोठी बरणी वॉलेटन स्विम क्लबचे अध्यक्ष मि. पार्डी यांना. त्यांना तिखट सोसत नाही.

३. क्लबमधले माझे सभासदत्व क्लॅरेन्स बेल याला. क्लबचा हा पोहण्याचा तलाव पूर्वी गावाचा होता. कृष्णवर्णीयांनाही आत घ्यावे लागणार असे दिसताच, १९६३ साली गावाने तो क्लबला विकून टाकला. क्लबला क्लोरीन फुकट तपासणारा हवा होता, म्हणून मी संस्थापक सभासद झालो. क्लॅरेन्स माझ्या प्रयोगशाळेतला साहाय्यक. दर शनिवारी तो मला ट्रकमधून फाटकापर्यंत सोडी आणि परतताना विचारी, "डॉक, पाणी कसं आहे?" मी म्हणे, "गार." त्याने तीनदा अर्ज केला, समितीने तीनदा नाकारला. पहिल्या वेळी मी गप्प बसलो, ते इथे नोंदवतो. आमच्या गावच्या विहिरीत कोणाकोणाला उतरू देत नाहीत, हेही मी लहानपणी कधी विचारले नव्हते.

मात्र नियम नऊ असा: संस्थापक सभासद मृत्युपत्रात ज्याचे नाव लिहील, तो कुटुंबासह, मतदानाशिवाय सभासद होईल. आपल्या नातवंडांची अडवणूक नको म्हणून मि. पार्डींनीच तो लिहिला. क्लॅरेन्सला अकरा नातवंडे आहेत.

सुनेत्रा म्हणाली, "बाबा, हे विल नाही, प्रँक आहे!" ती स्वतः वकील. नियम दोनदा वाचून म्हणाली, "पण सॉलिड आहे."

क्लॅरेन्सची हरकत वेगळीच. "डॉक, बासष्टावं लागलं मला. पोहता कुठे येतंय?"

शिकणार तरी कुठे होता?

४. म्हणून तोंड झाळून बंद केलेला माझा तेलाचा रिकामा डबा व सुती दोर त्याला. माझ्या पश्चात उन्हाळ्यात तलाव उघडेल त्या पहिल्या शनिवारी त्याने मुख्य फाटकातून आत यावे. डबा पाठीला सुनेत्राने बांधावा. ती याच डब्यावर याच तलावात शिकली. मि. पार्डी काठावर असल्यास लोणचे तेव्हाच द्यावे. क्लॅरेन्स पाण्यात उतरला की तिने विचारावे, "काका, पाणी कसं आहे?" तो सांगेल तेच खरे धरावे.

सही: त्र्यं. गो. केळशीकर

साक्षीदार: श्रीरंग देवस्थळी, विनीता देवस्थळी. क्लॅरेन्सही सही करायला तयार होता. पण ज्याला मिळणार त्याची साक्ष चालत नाही. तो मागच्या अंगणात डबा टबात बुडवून गळतो का ते पाहत आहे.

वॉलेटन, १५ मार्च १९८६