निपाणीत न दिसलेला शेवट

पिरनवाडी, बेळगाव
१० सप्टेंबर १९८४

ती. आक्काताईस, धाकट्या शालूचा नमस्कार.

दहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू दचकशील. पत्ता आमच्या शाळेतल्या, तुमच्याच सदलग्याच्या बाईंनी दिला. ज्योतिबादाजी बरे आहेत, पोर चौथीत आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी इथं मराठी शाळेत शिकवते. आप्पा निपाणीतच आहेत. टॉकीजमधलं ऑपरेटरचं काम सुटलं, कारण उजव्या डोळ्यानं आता दिसत नाही.

लिहायला बसले त्याचं कारण एक सिनेमा आहे. बहात्तरच्या उन्हाळ्यात आपल्या टॉकीजला चार आठवडे चाललेला, विधवा मुलीचा. आप्पांच्या ओळखीवर आपण दोघी फुकट बसायचो. पहिल्यांदा मला कंटाळा आला होता, तुझ्या खांद्यावर झोपले होते. दुसऱ्यांदा गाणी आवडली. मग बघावा तसा तो चढतच गेला. ती मुलगी दुसरं लग्न करते, पुढं काखेत पोर घेऊन बापाच्या दारात येते, कडी वाजवते. बंद दार दिसतं आणि पिक्चर संपतो. आधी मला त्या बापाचा राग यायचा. सातव्यांदा बघितला तेव्हा तोच मोठा वाटला. माणसानं असं करारी असावं, असं मनात बसलं. तू शेजारी रडत होतीस आणि मी तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गेल्या रविवारी बेळगावात सकाळच्या खेळाला तोच जुना सिनेमा लागला. हौसेनं गेले. बंद दार आलं तशी मी पिशवी उचलली, पण पडदा चालूच राहिला. आत बाप बसलेला दिसला. तो उठला, कडी काढली, पोराला घेतलं आणि मुलीला एवढंच म्हणाला, "जेवलीस का?"

मला उठता येईना. लोक गेले, झाडूवाली आली, तरी मी खुर्चीतच.

काल निपाणीला जाऊन आप्पांना विचारलं. ते जेवत होते. लपवलं नाही त्यांनी. "व्हय, मीच कापलं," म्हणाले. "आक्का ज्योतिबाशी लगीन करायचं म्हणत हुती. ते बघून तिला वाटलं असतं, बापाची ना न्हाय." फिल्मची पेटी परत पाठवायच्या दिवशी त्यांनी तो शेवटचा तुकडा पुन्हा जोडून दिला होता.

मग ताटाकडं बघत म्हणाले, "पर ती गेली ती परत आलीच न्हाय, शाले. आली असती तर मी काय हाकलली असती व्हय?"

आक्का, इथपर्यंत लिहून मी दोनदा पेन खाली ठेवलं.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात, भर दुपारी, तू आली होतीस. आप्पा मॅटिनीला गेले होते. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. काखेत पोर होतं, तुझ्या पायात चप्पल नव्हती. तू मला नावानं हाक मारलीस. मी आतून कडीला हात लावून उभी राहिले आणि कडी काढली नाही. तू बराच वेळ थांबलीस. तुला वाटलं असेल, आप्पांनीच सांगितलं असणार. त्यांना तू आल्याचंच माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नाही. सोळा वर्षांची होते, हे कारण मी स्वतःला इतकी वर्षं देत आले. ते पुरत नाही.

काल त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ताट सारलं, हात धुतला आणि विचारलं, "पोर हुतं संगं?"

"व्हय."

"उन्हात?"

मी मान हलवली. आप्पा लगेच उठले. खुंटीवरचा सदरा काढून घालायला लागले, सदलग्याची बस किती वाजता आहे विचारायला लागले. बटणं सापडेनात, मी लावायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. आधी पत्र जाऊ दे म्हणून मी त्यांना कसंबसं बसवलं. आठ दिवस थांबतो म्हणाले, त्याच्यावर एक दिवस नाही.

येत्या सोमवारी दुपारच्या बसनं ते येतील. एकटेच. गर्दीत त्यांना नीट दिसत नाही, म्हणून दाजींना स्टँडवर पाठव. ते भांडायला येत नाहीत, एवढं दाजींना सांग. मी येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर तेही बरोबरच आहे.

पोराचं नाव काय ठेवलंस, ते मला अजून माहीत नाही.

तू हाक मारलीस तेव्हा घरातच असलेली,
शालू