वारात शिफ्ट मिळवायची नाही

४ मार्च ९७, मंगळ
अक्का आज सुट्टीच्या दिवशी आनेकलला कामावर जाऊन आली. बनशंकरी ते मार्केट, तिथनं दुसरी बस. फॅक्टरीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "इवत्तु निमगे रजा, अक्का." तिच्या लाइनचा ड्यूटी चार्ट माझ्या प्रोग्रामनं काढलेला.
शिफ्ट तीन, दर आठवड्याला बदलतात. सुट्टीचा वार दर आठवड्याला एक पुढं, शनिनंतर परत रवि. मी वारात एक मिळवायच्या जागी शिफ्टचा नंबर मिळवला. पहिल्या आठवड्यात तो नंबरही १ होता, म्हणून बरोबर आलं. सी भाषेत दोन्ही नुसते आकडे. चुका पकडणारा कंपायलर गप्प.
अक्का चिडली पण नाही. चप्पल काढली नि भात लावला.

७ मार्च, शुक्र
ठरलं. एमसीएच्या प्रोजेक्टमधनं सी बाद. त्याजागी हॅस्केल भाषा. वार एक टाइप, म्हणजे आकड्याची जात, शिफ्ट दुसरा. दोन्ही पोकळ, नुसती नावं. सातावर फिरायचं की तिनावर, ते नावावरनंच कळतं. वार + वार चालेल. वार + शिफ्ट लिहिलं की प्रोग्राम सुरूच होत नाही. मुद्दाम लिहून बघितलं. अडला. परत लिहिलं. परत अडला. लॅबमध्ये एकटीच हसत बसले.

१० मार्च, सोम
गाइड सरांना दाखवलं. बेळगावचे, माझ्याशी मराठीत.
"हे अनडिफाइन्ड, किंमतच नसलेलं, कशाला पाठवलीस? उघडलं की प्रोग्राम मरतंय."
"उघडत नाही सर. सातानं भागायचं की तिनानं, एवढंच विचारते. त्याला टाइप पुरतो, किंमत बघतच नाही."
"म्हणजे रिकामं पाकीट पोस्टात टाकलीस."
"पत्ता आहे ना वर."
"गोष्टी लिहितीस त्या घरी लिही. सीमध्ये एक परसेंटचं चिन्ह टाक, बाकी मिळते, खलास. चुका टेस्टिंगमध्ये पकडायच्या."
टेस्टिंग अक्कानं केलं, दोन बस बदलून. हे बोलायला हवं होतं. बोलले नाही.
पुढच्या सोमवारपर्यंत सीमध्ये आणलं नाही तर त्यांची सही नाही. सही नाही म्ह. व्हायवा, तोंडी परीक्षा, नाही. म्ह. वर्ष गेलं.

१३, गुरु
अक्काच त्यांच्या बाजूनं. "स्वल्प ऐक गं. सीमध्ये लिही, पास हो. एक हेलपाटा झाला, मी काय मेले?"
मेली नाहीस. म्हणून काय

१५, शनि
लिहिलं. सी. नऊ ओळी, चहा निवायच्या आत. चार्ट बरोबर. मग एकाच्या जागी शिफ्ट टाकली. तेही चाललं. सरळ रकाने, सुंदर छापलेले, निम्मे चुकीचे. ह्याच्यावर माझं नाव?
उडवलं.

१६, रवि
रिपोर्ट टाइप झाला, हॅस्केलचाच. प्रकरणं ० ते ४, शेवटी ओळ: आता परत ०. शनिनंतर रवि, तसं.
टायपिस्ट अण्णा: "पाचवं चॅप्टर विसरलात काय म्मा?"
"नाही."
"सरी. तुमचं मार्क, तुमचं नशीब."

१७, सोम
सरांनी चाळला. प्रकरण २, वार-शिफ्टचं, दोनदा वाचलं.
"मी सीमध्ये सांगितलेलं."
"हो सर."
"मग?"
ह्या वेळी बोलले. बहिणीला मी चुकीच्या दिवशी पाठवलं. सीमध्ये ती चूक मी उद्या परत करू शकते. ह्यात करायची म्हटली तरी होत नाही.
सरांनी रिपोर्ट मिटून माझ्या हातात दिला. सही केली नाही. मी दारात पोचल्यावर मात्र म्हणाले, "ऑफिस चारला बंद होतंय."
म्हणजे जा, की संपलं? कळलं नाही. ऑफिसात गेले.
क्लार्कनं पहिलं पान उलटलं, सहीची जागा रिकामी. "सही इल्ला."
"इल्ला."
"मग घेऊ कसा?"
"घ्या."
मागं रांग. त्यानं रिपोर्ट गठ्ठ्यात ठेवला नाही, परतही दिला नाही. आतल्या कट्ट्यावर वेगळा ठेवला, वर पंचिंग मशीन. चारला खिडकी लावली.
व्हायवाची नावं शुक्रवारी बोर्डावर.