बावीस अंश आणि एक बटाटा

३ मार्च
जमलं! कॉम्प्युटरवर बनवलेल्या आमच्या पोटात आज प्रवाह कुठे अडून भोवरा नाही! वजन उतरवायच्या बायपासमध्ये पोटाची छोटी पिशवी करून ती आतड्याला शिवतात. तो जोड मी पंधरा अंश तिरका केला — आणि सगळं सुर्रकन खाली. सर्जनसाहेबांनी दहा मिनिटं स्क्रीनवर तो जोड फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "शिवायला जमेल." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच! जमिनीच्या चार बोटं वरून चालत घरी आले.

हे सगळं ताईसाठी. बायपास करून घे म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तिच्या मागे लागले होते. वजन उतरलं, पण घास जोडापाशी अडतो. चार घास खाऊन ती ताटावरून उठते, सगळ्यांच्या आधी. मला ते बघवत नाही.

६ मार्च
ताईला लॅबमध्ये बोलावून दाखवलं. चांगलीच फुशारले होते. ती बघत राहिली.

"ह्यात काय वाहतंय गं?"

"पाणी."

"पाणी मला कधी अडलंय? अडतो तो बटाटा!"

तीन इंजिनिअर, एक सर्जन, अख्खं वर्ष — आणि पोटाला नुसतं पाणी पाजत बसलो! माझी आधीच्या पाइपलाइनच्या नोकरीतली सवय, दुसरं काय.

७ मार्च
तोंड लपवायला जागा नाही.

११ मार्च
ताई उकडलेला बटाटा चावून वाडग्यात काढतेय आणि आम्ही तिघं त्याचा घट्टपणा मोजतोय. म्हणाली, "माझ्या नवऱ्यानेसुद्धा मला इतक्या कौतुकाने जेवताना पाहिलं नाही." सर्जनसाहेब हसले! पहिल्यांदाच.

२९ मार्च
पाण्याऐवजी लगदा. पंधरा अंशांवर अडकला — ताई बोट ठेवून दाखवते तिथेच, बरोब्बर! मग अठरा. वीस. बावीसला घसरला! माझ्या ताईला तोड नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही!

१६ मे
तिचा जोड पुन्हा शिवावा लागणारच होता. हॉस्पिटलच्या समितीने नव्या जोडाला होकार दिला. म्हणजे पहिली पेशंट ताईच. विचारताना माझी जीभ रेटेना.

"मागच्या वेळीही तुझंच ऐकलं होतं," ती म्हणाली. मी मान खाली घातली. "या वेळी बटाटा माझा आहे. चल."

४ जून
झालं ऑपरेशन. सर्जनसाहेबांनी बाहेर येऊन दोन बोटांनी कोन करून दाखवला. मी रडले, सगळ्यांसमोर.

१० ऑगस्ट
सगळ्यांची जेवणं झाली, हात धुऊन झाले. ताई अजून ताटावरच — जेवतेय.