पहिला खडा

नेकनूर, पौष शुद्ध ४, शके १८३३

ती. आप्पामामांचे चरणी बंकटचा सा. न. वि. वि.

वैद्यबुवांनी मधुमेह सांगितला तेव्हापासून मी घरातच कैदी आहे. सत्यभामेने गुळाच्या खोलीला कुलूप घातले. माजघरात उठून उभा राहिलो तरी मागून कुणीतरी खोकते. गुऱ्हाळ लागले, पण यंदा रस आटवायच्या काहिलीपाशी मी नको असे घरच्यांनी ठरवले. काहील कधी उतरवायची हे आजवर मीच सांगत आलो, मामा. परवा किल्ली लांबवून चोरून गूळ खाल्ला, तर गोडही लागला नाही. आता औषधही नको वाटते.

या भाच्याला पदरात घ्यावे.

घाटनांदूर, पौष शुद्ध ११

चि. बंकटास अ. उ. आ.

लेका, माझ्याही लघवीला मुंग्या लागतात, मलाही हाच रोग. हा पाहुणा उठून जाणारा न्हाई, त्याला ओसरीवर बसवूनच संसार करायचा. तुझी मामी छबुबाई उतरंडीत लाडू लपवायची अन् मी मांजरासारखा हुडकायचो. शेवटी तिला म्हटले, "तू राखण बसलीस म्हणून मी चोर झालो." तिने राखण सोडली. अजून कधी हात जातो, खोटे कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी, भाजी अन् शिवारात फेरी. एकदा पाय घसरला म्हणून कुणी वाट टाकते का?

अन् पाक काय जिभेने कळतो बे? पाण्यात टाकलेली पाकाची गोळी दगडावर वाजते ती कानाला. कानाला कुठला मधुमेह?

सूनबाईवर चिडू नको. तिला गुळाचे न्हाई, कुंकवाचे भ्या हाय. हे पत्र तिला वाचून दाखव.

म्हाताऱ्याची आठवण राहू दे.

नेकनूर, पौष वद्य ६

ती. आप्पामामांस सा. न. वि. वि.

पत्र सत्यभामेला वाचून दाखवले. सकाळी मी निघालो, तशी मागून तीही गुऱ्हाळावर आली. पाकाची गोळी दगडावर टणकन वाजली आणि मी हात वर केला. काहील उतरली. रीतीप्रमाणे पहिला खडा मालकाच्या, म्हणजे माझ्या, तळहातावर ठेवला. तिची नजर माझ्या हातावर. खडा गरम होता, तोंडाला पाणी सुटले होते. मी तो तिच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "तू सांग, कसा झालाय."

तिने खाल्ला. डोळे पुसत म्हणाली, "लई गोड हाय."

घरी आल्यावर त्या खोलीची किल्ली तिने माझ्या करदोट्याला बांधली. कुलूप आहे तिथेच आहे. चालताना किल्ली मांडीला लागते, जड वाटते, मामा. औषध पुन्हा सुरू केले आहे.

मामींस नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.

आपला बंकट