राणीची जागा

सारियाया, ५ मे

प्रिय क्रिसांतो,

आम्ही सगळे ठीक. तुझ्या आईचा गुडघा पुन्हा धरलाय, तरी रोज चर्चला जातातच. गावातला रोडेल तुझ्याच जहाजावर कामाला चढतोय, म्हणून त्याच्या हाती वाळवलेले मासे आणि हे पत्र देते आहे. फोनवर मी चिडले की तुझं नेट नेमकं जातं.

यंदा चर्चच्या सांताक्रूझानच्या मिरवणुकीत नटून चालणाऱ्या अकरा मुली आहेत. कोण पुढे, कोण मागे यावरून त्यांच्या आयांची जुंपली. शेवटी शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी जोव्हलिन लॅपटॉप घेऊन सभेत आली. अगदी नटूनथटून, बरं का. "पायथनमध्ये हे तयारच असतं. perm म्हणायचं, कंसात अकरा घालायचे, झालं," म्हणाली. पडद्यावर आकडा उमटला, अकरा जणींचे जवळजवळ चार कोटी क्रम होतात. मग त्यातला एक यंत्रानेच चिठ्ठीसारखा उचलला.

त्यात राणी एलेना झालेली मुलगी चौथी.

पासिंगमावशी म्हणाल्या, "अगं बये, राणीला मध्येच कोंबलीस? मग शेवटी कोण, बँडवाले?" सगळे हसले. जोव्हलिन लाल झाली. म्हणाली, "मला नाही माहीत, मी मनिलाची. अकरा घाल असं क्रिसांतोदादांनीच सांगितलं. आम्ही रोज बोलतो ना."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग मी उठले. "राणी शेवटीच चालते. तिला बाजूला ठेव, कंसात दहा घाल," म्हटलं. चार कोटींचे छत्तीस लाख झाले. "ताई, तुम्हाला येतं हे?" जोव्हलिनने विचारलं. म्हटलं, "येतं. नवऱ्याने नाही शिकवलं."

हो, जळतेय मी. ती दिसायला बरी आहे, हुशार आहे, मला वाईटही बोलत नाही, म्हणून तर जास्त जळते. मला फोनवर तू फक्त "जेवलीस का" विचारतोस. तिला गणित समजावायला तुला वेळ असतो, आणि नेटही असतं.

आणि एक सांग. मी राणी होते त्या वर्षी माझ्या शेजारून कोण चाललं होतं? सगळी मिरवणूक पुढे गेली तरी आपण मागे रेंगाळत होतो. आपल्या गावचं शेंबडं पोरसुद्धा राणीची जागा चुकत नाही. तू कसा चुकलास? की आता ते सगळंच आठवत नाही?

सभेनंतर खुर्च्या उचलताना जोव्हलिन म्हणाली, "दादांची सुट्टी मंजूर झाली, किती छान ना." मी हसून "हो" म्हटलं. मला ते तेव्हा कळलं, क्रिसांतो. तुझ्या आईलाही अजून माहीत नाही. इकडे खोली मीच झाडणार, भात मीच रांधणार, आणि तारीख तिला ठाऊक.

कधी येतोस ते मला कळव. कुणाकडे येतोस, तेही त्याच पत्रात लिही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर दाराला आतून कडी असेल.

तुझी बायको, अजून तरी,
लोइडा