मागच्या आवारासाठी गाडी

अगं,
मी जुन्या गाड्यांच्या बाजारात जातोय. आवारातली माती आणि पालापाचोळा वाहायला काल बघितलेली छोटी गाडीच घेतो. शेजारची आणखी स्वस्त होती, हौदाही मोठा होता, पण तिला सीट एकच. तू म्हणशील, माती काय सीटवर बसून येणार आहे? म्हण खुशाल. हिची पायरी ठेंगणी आहे. तुझ्यासारखा डावा गुडघा न वाकवता मी परत परत चढून-उतरून बघितलं. विकणाऱ्याने बिचाऱ्याने मलाच खुर्ची आणून दिली.

चहा थर्मासमध्ये आहे. गोळी काढून ठेवलीय, तेवढी घे.

मागच्या लिंबोणीला फुलं किती आली, हे रोज मला विचारतेस. आता मी सांगणार नाही. संध्याकाळी चपला घालून तयार राहा.