फाटकापाशी ठेवलेले संडास

न्यूटन, कॅन्सस
२९ जुलै

प्रिय लोरीन,

प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? टोमॅटो यंदा उदंड आले. चोवीस बाटल्या भरल्या, सहा तुझ्यासाठी बाजूला काढल्यात. एल्डनची पाठ दुखते, पण गाडीवरून उतरायचं नाव काढत नाही.

टेसा शनिवारी दवाखान्यातून घरी आली. काल दोन वाट्या सूप प्यायली. ताप नाही.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. टेसाला तू लिहिलंस, ‘लहानपणापासून निष्काळजी ती निष्काळजीच. एवढ्या उन्हात पाणी प्यायला विसरतं का कोणी?’ आणि मला लिहिलंस, ‘तू जवळ होतीस म्हणून माझी पोर वाचली.’ टेसाने तिचं पत्र वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं.

आमचं काम तू कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. बांधकामांवर भाड्याने संडास ठेवायचे, आठवड्याला उपसायचे. उपसायची गाडी एल्डनची, वह्या आणि नकाशे माझे. कुठला संडास कुठे ठेवायचा ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिलीने ठरवते. जागा सपाट हवी. क्रेनखाली नको. वारा जेवणाच्या जागेकडे जायला नको. आणि गाडीची नळी पोचली पाहिजे. आमची नळी तीस फुटांची.

नव्या रुग्णालयाच्या कामावर मी सहाच्या सहा फाटकापाशी लावले. गाडी आत न्यायला नको, चिखल नको, अर्ध्या तासात काम उरकतं. संख्या माणसांच्या मानाने बरोबर होती. कागदावर चूक काढायला जागा नव्हती.

टेसा लोखंड जोडायच्या कामावर, पार मागच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर. जूनमध्ये एकदा जेवताना म्हणाली, “मावशी, तुझ्या संडासाला जायचं तर शिदोरी बांधून घ्यावी लागते.”

एल्डन खो खो हसला. मी म्हटलं, “चालल्याने पचन सुधारतं.”

“सुट्टी दहा मिनिटांची गं. पुरुषांना भिंतीचा आडोसा चालतो. वर मी एकटीच बाई.”

तेव्हा मी ताटात वाढत होते. हात न थांबवता म्हटलं, “मग पाणी कमी पी.”

लोरीन, तुझी पोर विसरली नव्हती. तिने माझं ऐकलं. पाच आठवडे ऐकलं, आणि कामावरच तापाने कोसळली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “पाणी का पीत नव्हतीस?” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “विसरले.” मी तिथेच उभी होते, तिची पर्स धरून. बोलले नाही.

प्रार्थनेत सांगितलं. पण देवाला सांगणं सोपं. तो तुझ्यासारखं उलट टपाली लिहीत नाही.

सोमवारी एल्डनचं घड्याळ घेऊन मी स्वतः चालले. चौथ्या मजल्यावरून फाटकापर्यंत साडेसात मिनिटं, नुसतं जायला. तशीच मुकादम क्राउझकडे गेले. म्हटलं, दोन मागे हलवायचे आणि एक क्रेनने चौथ्या मजल्यावर चढवायचा, बायकांसाठी, आतून कडी असलेला.

“व्हर्नाबाई, क्रेनने संडास? पोरं वर्षभर हसतील.”

“हसू देत.”

“आणि तुमची नळी वर पोचणार कशी?”

“नाही पोचणार. दर शुक्रवारी खाली उतरवायचा, उपसायचा, परत चढवायचा. मागच्या दोघांसाठी एल्डन काँक्रीटच्या गाड्यांच्या आधी पाचला आत शिरेल.”

एल्डन म्हणाला, “माझ्या पाठीला कोणी विचारलं का?” पण आज पाचला गेला.

पाण्यावाचून बिघडलेलं उजवं मूत्रपिंड पूर्ण सुधारेल की नाही, ते डॉक्टर सप्टेंबरात सांगतील. टेसा म्हणते, बरी झाले की त्याच कामावर जाणार. मी अडवलं नाही. मला आता सल्ला द्यायची भीती वाटते.

तू रविवारी येणार म्हणालीस. ये. जे बोलायचं ते मला बोल, अंगणात बोल, चर्चच्या दारात चारचौघांत बोल. तिला मात्र आल्याबरोबर जवळ घे आणि ते उशीखालचं पत्र परत माग.

तिला पाणी कमी प्यायला सांगणारी,
तुझी बहीण
व्हर्ना